दारावरची खुशाली

त्या दिवशी वाशिमच्या कोर्टात पट्टेवाल्यानं द्वारकाबाईच्या दाव्याचा पुकारा केला आणि शालू जागेवर नव्हती. अशा वेळी मैत्रिणीनं जे करायचं तेच मी केलं. उठून उभी राहिले आणि म्हणाले, "साहेब, शालिनीताई वाटेत आहेत, आत्ता पोचतील." साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि प्रकरण दुपारनंतर ठेवलं. मी बाररूममध्ये येऊन तिला फोनवर फोन लावत, मनातल्या मनात तिचा उद्धार करत बसले. तिची स्कूटी पुन्हा बंद पडली असणार, नाहीतर वाटेत कुणी पक्षकार भेटला असणार आणि रस्त्यातच हिचं ऑफिस भरलं असणार... शेवटी फोन उचलला तो तिच्या भावानं. सकाळी डबा भरता भरता ती ओट्यापाशी खाली बसली ती बसलीच, म्हणाला. मी भर कोर्टात ती वाटेत आहे म्हणून सांगत होते, त्याच्या बऱ्याच आधी ती गेलेली होती.

वकिलीत इतकी वर्षं काढली, पण मी जिवंत म्हणून सांगितलेलं माणूस मेलेलं निघालं, असं कधी झालं नव्हतं. आणि झालं तेही नेमकं या दाव्यात. एका माणसाला मेलेला ठरवून घेण्यासाठी शालू या दाव्यात वर्षभर झटत होती.

शालू, म्हणजे बाकीच्यांची शालिनीताई वकील, माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. ती मेडशीची, मी वाशिमची. कायद्याच्या पहिल्या वर्षाला एका बाकावर बसलो आणि पुढे कोर्टाच्या आवारातल्या टिनाच्या शेडखाली एकच टेबल दोघींनी वाटून घेतलं. तिचा आवाज एवढा की तिनं पक्षकाराच्या कानात सांगितलेली गोष्ट पलीकडच्या टेबलाला पाठ व्हायची. मनगटावर वडिलांचं घड्याळ, पर्समध्ये फुटाण्यांची पुडी, आणि जिभेवर माझ्यासाठी खास ठेवलेलं नाव, मोबाईलवकील. मी निवाडे मोबाईलवर शोधते याचा तिला मनापासून राग होता. लग्न तिनं केलं नाही. त्याबद्दल कुणी विचारलं तर म्हणायची, मले तारखाच रिकाम्या भेटल्या नाहीत. भूतखेत, उपासतापास, मांजर आडवं जाणं, यातलं काही ती मानत नसे. मीही मानत नाही. माझा विश्वास फक्त पुढच्या तारखेवर. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचताना माझ्याबद्दल भलताच समज व्हायला नको.

द्वारकाबाई मेडशीच्या पलीकडच्या एका लहानशा वस्तीतली. तिचा नवरा रामकिसन एका दिवाळीनंतर टोळीबरोबर ऊसतोडीला गेला. गुढीपाडव्याच्या सुमारास टोळी परतली, तो परतला नाही. मुकादम म्हणाला, मधेच कुठेतरी निघून गेला. पोलिसांत तक्रार झाली, देवस्थानं झाली, आणि वर्षांमागून वर्षं गेली. विहिरीखालची भाजीवाडी ती एकटीच करत राहिली. मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी काढायची आणि मेडशीच्या, मालेगावच्या बाजारात डोक्यावर नेऊन विकायची. त्या वाडीवर तिनं मुलगी वाढवली, लग्न लावून दिलं. पण वाडीच्या सातबाऱ्यावर नाव रामकिसनचं. दीर नामदेवनं वाडीला गिऱ्हाईक पाहिलं आणि तिला सांगितलं, भाऊ जिता आहे, तो येईपर्यंत वाडी मी पाहणार, तुझा इथं काही संबंध नाही. तलाठी म्हणाला, वारस म्हणून नाव लावायचं तर मयताचा दाखला आण. मेल्याचा दाखला देणार कोण? म्हणून ती शालूकडे आली. नवरा मेला असं कोर्टानं म्हटलं तर वाडी तिची राहणार होती, नाहीतर जाणार होती. एवढंच ते प्रकरण.

कायदा अशा माणसासाठी एक सोय करून ठेवतो. जो जिवंत असता तर ज्यांना त्याची खबर सहज लागली असती, अशा लोकांना सात वर्षं त्याची काही खबर नसेल, तर तो मेला असं धरून चालायचं. तो जिवंत आहे असं जो म्हणेल त्यानं ते शाबीत करायचं. रामकिसनला जाऊन याहून कितीतरी जास्त काळ झाला होता. शालूला वाटलं, एकदोन तारखांत काम होईल. उलटतपासणीला समोरचे वकील उठले. रिसोडचे म्हातारे वकील, आवाज मधासारखा. त्यांनी द्वारकाबाईला इतकंच विचारलं की बाई, तुमच्या नवऱ्याची खबर लोक तुम्हाला आणून देत होते की नाही? ती सरळ म्हणाली, "देत होते ना. दरसाल देतात." शालू मला नंतर सांगत होती, तिच्या पायाखालचं कोर्ट सरकलं.

त्याचं असं आहे. त्या वस्तीत एक रीत आहे. बाहेरगावी कामाला गेलेलं माणूस परत आलं की आपल्या घरात बोचकं ठेवायच्या आधी वस्तीतून एक फेरी मारतं. ज्या घरचं कुणी अजून बाहेर आहे, त्या दारापाशी थांबायचं आणि त्याची खुशाली सांगायची. तुमचा पोरगा वीटभट्टीवर बरा आहे, तुमच्या जावयाला नवा मुकादम मिळाला, असं. ऊस संपला की ही फेरी ठरलेली. आता सगळ्या दारांशी थांबायचं आणि द्वारकाबाईच्या दारावरून मुकाट पुढे जायचं, हे कुणाला जमायचं? पहिल्याच वर्षी कुणीतरी थांबलं आणि म्हणालं, दिसला होता, रिसोडच्या बाजारात. बरा आहे, जरा वाळला आहे. दुसऱ्या वर्षी दुसऱ्यानं कारखान्याच्या फाटकाशी पाहिला. मग कुणी एसटी स्टँडवर, कुणी भट्टीच्या वाटेवर. द्वारकाबाई प्रत्येकाला चहा पाजायची आणि प्रत्येकजण बरा आहे म्हणून सांगून जायचा.

शालू वस्तीवर गेली, एकेकाच्या ओट्यावर बसली आणि खोदून खोदून विचारलं. मला तिनं एकदा सोबत नेलं होतं म्हणून मी ऐकलं आहे. सगळे मान खाली घालून कबूल करत होते की नाही पाहिला. त्यातला एकजण, विठोबा नावाचा गडी, म्हणाला, "खोटं नाही बोललो बाई. खुशाली सांगतली. रिकाम्या तोंडानं तिच्या दारावरून कसं जाव?" शालू म्हणाली, मग हेच कोर्टात येऊन सांगा. तर एकही तयार होईना. द्वारकाबाईच्या समोर, भर कोर्टात, आम्ही त्याला कधी पाहिलाच नव्हता असं सांगायचं? विठोबा म्हणाला, वाडी गेली तं आमी तिले भाजी पेरायले जागा देऊ, पन हे नाही होनार. शालूनं कपाळावर हात मारला. तिच्या पक्षकाराचं ज्यांनी वाटोळं केलं होतं त्यांचा तिला राग करता येईना, हीच तिची पंचाईत होती.

पण ओट्याओट्यावरून ऐकताना आणखी एक गोष्ट आमच्या लक्षात आली आणि ती मला तेव्हाही आवडली नाही. कुणीच न पाहिलेला तो माणूस म्हातारा होत होता. पहिल्या वर्षी वाळला. पुढे कधीतरी डावा पाय ओढत चालायला लागला. मग दाढी वाढली, मग दाढी पांढरी झाली. सांगणारे वेगवेगळे, कामाची ठिकाणं वेगवेगळी, पण पाय डावाच राहिला, आणि एकदा पिकलेली दाढी पुन्हा कुणी काळी केली नाही. शालूनं त्याचा उलगडा केला. द्वारकाबाईच पुढच्याला विचारत असणार, पाय बरा झाला का त्याचा? की पुढचा म्हणणार, नाही, ओढतेच. मला ते पटलं. तरी शालूनं वकिली सोडली नाही. पाय सगळ्यात आधी सांगितला कोणी, हे तिनं शोधून काढलं. तो निघाला विठोबाच. काहून सांगतलं रे पायाचं, असं विचारल्यावर तो आपल्या हातांकडे पाहत म्हणाला, "मले नाही माहीत. बोलता बोलता तोंडातून निघालं, अन् निघाल्यावर वाटलं, खरंच हाये."

साक्षीदार मिळत नाहीत म्हटल्यावर उरला निवाडा. कधी काळी कुठल्यातरी न्यायाधीशानं असं म्हटलेलं सापडायला हवं होतं की, कुणी म्हणे पाहिला, कुणी म्हणे भेटला, अशा उडत्या गोष्टींना खबर म्हणत नाहीत. मी मोबाईलवर शोधलं. दोनचार मिळाले, पण आमच्या प्रकरणाला लागू पडेल असा एक नव्हता. नव्या कायद्यात कलमाचा आकडा बदललेला, जुने निवाडे जुन्या आकड्याखाली, त्यामुळे आणखी गोंधळ. शालू म्हणाली, वऱ्हाडातले जुने निवाडे तुझ्या डबड्यात नाहीत, ते विद्यापीठात आहेत. आणि कोर्टाला सुट्टी असली की ती सकाळच्या एसटीनं कारंजा, कामरगाव करत विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊ लागली. अधूनमधून मीही गेले. खरं सांगायचं तर तिच्या डब्यातल्या भाकरीसाठी गेले.

कायद्याचा विभाग वरच्या मजल्यावर आहे. लांबच लांब हॉल, लोखंडी मांडण्या, आणि प्रत्येक रांगेला स्वतःचं दिव्याचं बटण. आपण ज्या रांगेत जाऊ तिथला दिवा लावायचा आणि निघताना आठवणीनं बंद करायचा, असा तिथला नियम. त्यामुळे दुपारीही तिथं अंधारच असतो आणि एखाददुसरी रांग तेवढी उजळलेली दिसते. माणूस दिसत नाही, रांग दिसते. जुन्या खंडांच्या चामड्याची तांबडी पूड हाताला लागते, ती साबणानंही लवकर जात नाही. शालूची शोधायची रीत अशी. आधी डायजेस्ट, म्हणजे कुठल्या मुद्द्यावर कुठले निवाडे झाले त्याची जंत्री, त्यात विषयाखाली नजर टाकायची. तिथं सापडलेला खंड मांडणीवरून काढून पान उघडायचं. निवाड्याचं वरचं सार वाचून समाधान मानायचं नाही, सबंध निवाडा वाचायचा. मग पुढच्या वर्षांचे खंड चाळून पाहायचं की त्याला पुढे कुणी खोटं पाडलं नाही ना. नाहीतर मेलेला निवाडा कोर्टासमोर ठेवशील, म्हणायची ती.

तिला जो हवा होता तो डायजेस्टमध्ये सापडला. चार ओळींची नोंद होती. हरवलेला माणूस, बायकोला लोकांनी दिलेल्या खबरा, आणि त्यांचं मोल काय. पण खंड जागेवर नव्हता. मांडणीत त्याच्याएवढी फट होती. खालच्या काउंटरवर एक तरुण क्लार्क बसायचा. तो मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाला, कुणी वाचायला काढला असेल, टेबलावर पहा. टेबलावर नव्हता. पुढच्या वेळी गेलो, तेव्हाही फट तशीच. नंतरच्या वेळी शालूनं त्याला चांगलाच फैलावर घेतला, तेव्हा तो वैतागून म्हणाला, एक म्हातारा बाबा येतो, तोच काढत असेल. अशी माणसं कायद्याच्या ग्रंथालयात असतातच. स्वतःची केस स्वतः लढवणारी, वकिलांवरचा विश्वास उडालेली. शालूनं विचारलं, कसा दिसतो? क्लार्क म्हणाला, "दाढी आहे पांढरी. पायानं जरा अधू आहे."

त्यावर मी हसले. शालू हसली नाही.

त्यानंतरच्या खेपेला ती एकटीच गेली होती. काय झालं ते तिनं मला दुसऱ्या दिवशी टेबलावर, चहा गार होऊ देत सांगितलं. ती वर गेली तर आपल्याच रांगेचा दिवा आधीच लागलेला. टोकाच्या टेबलाशी कुणीतरी पाठमोरं बसलेलं, खांद्यावर दुपट्टा, समोर खंड उघडा. शालू त्याला हाक मारत मांडणीला वळसा घालून गेली, तेवढ्यात खुर्ची रिकामी. जिन्यावर कुणाचा पाय वाजला नाही. टेबलावर तो खंड, आणि उघडलेलं पान तेच, तिला हवा होता तो निवाडा. खुर्ची हाताला अजून ऊन लागत होती, म्हणाली. तिनं खंड उचलला, खाली येऊन झेरॉक्स काढली आणि मिळेल त्या एसटीनं घरी आली. डबा तसाच परत आणला.

मी नेहमीप्रमाणे समजूत घातली. कुणी म्हातारा पक्षकार, तुझा आवाज ऐकून पळाला. तुझ्या आवाजानं तरणीताठी माणसं पळतात. ती म्हणाली, "मी त्याले पाह्यलं, विमल. आता द्वारकाबाईले सांगू का नको?"

"काय सांगशील? ग्रंथालयात एक म्हातारा दिसला म्हणून?"

"तेच तं सारे सांगून राह्यले तिले इतके वर्ष."

मग तिनं चष्मा काढून पुसला. सांगणार तर मी नाही, एवढं म्हणाली, कारण सांगितलं तर केस जाते आणि नाही सांगितलं तर... वाक्य तिनं पुरं केलं नाही. शालूनं अर्ध्यावर सोडलेलं वाक्य मी तेवढं एकच ऐकलं. नंतर पक्षकार आले, पुकारे झाले, आणि आम्ही तो विषय काढला नाही. संक्रांतीनंतर थोड्याच दिवसांत ती गेली.

दहाव्याला द्वारकाबाई आली होती. कोपऱ्यात बसून राहिली. निघताना माझ्याजवळ येऊन म्हणाली, वाडीचं तुमीच पाहा आता. मी फाईल ताब्यात घेतली. युक्तिवाद तेवढा राहिला होता. शालूनं सगळं लावून ठेवलं होतं, आणि सगळ्यात वर त्या निवाड्याची झेरॉक्स. वाचत गेले तर शेवटचं पान नव्हतं. वाक्य मधेच तुटलेलं. शालूनं, पान अन् पान वाचून पाहणाऱ्या शालूनं, शेवटचं पान काढलं नव्हतं. मी फाईल मिटून ठेवली आणि रडले. इतके दिवस रडू आलं नव्हतं ते त्या दिवशी आलं.

मग मला विद्यापीठात जावं लागलं. एसटीत शेजारची जागा रिकामी राहिली, कामरगाव गेलं तरी कुणी बसलं नाही. काउंटरवर तोच क्लार्क. सही करून वर गेले, रांगेचा दिवा लावला. खंड जागेवर होता, फट नव्हती. टोकाच्या टेबलाशी बसून शेवटचं पान वाचलं. न्यायाधीशानं म्हटलं होतं की लोकांनी मायेपोटी सांगितलेल्या गोष्टींना खबर म्हणता येणार नाही, तेव्हा हा माणूस मेला असंच धरायचं. पुढे एक छोटासा परिच्छेद जोडलेला. हे केवळ धरून चालणं आहे. तो खरोखर आला, तर या निवाड्यानं त्याचं दार लावलं असं कुणी समजू नये. मी ते दोनदा वाचलं. शालूनं हे पान वाचलं होतं की नाही, हे मला आता कधीच कळणार नाही.

खाली येऊन झेरॉक्स काढली, वर जाऊन खंड जागेवर ठेवला, दिवा बंद केला. एवढं मला पक्कं आठवतं, कारण दिवे बंद करण्यावरून शालू मला नेहमी टाकून बोलायची. जिना उतरून काउंटरशी आले तर क्लार्क म्हणाला, "मॅडम, जेवणाच्या सुट्टीत वरचा हॉल बंद करतो. तुमच्यासोबतच्या मॅडमनाही बोलवा. आणि त्यांची सही राहिलीय."

मी म्हणाले, मी एकटीच आले आहे.

तो म्हणाला, "वरून बोलण्याचा आवाज येत होता ना. त्यांचाच." आणि पुन्हा मोबाईलमध्ये पाहू लागला. शालू गेल्याचं त्याला माहीत असायचं कारण नव्हतं. आम्हाला दोघींना एकत्र पाहायची त्याला सवय, म्हणून बोलला असेल. मी हे तेव्हाही स्वतःला सांगितलं. तरीपण माझे पाय वळले आणि मी वर गेले.

हॉलच्या दारातूनच दिसलं. मी बंद केलेली रांग उजळलेली होती.

बटणं जुनी आहेत, कधीकधी आपोआप लागतात, असं आमच्या बाररूममधल्या एकानं नंतर मला समजावलं. असेल. मी पुढे गेले नाही. मांडणीला वळसा घातला असता तर टेबल दिसलं असतं, आणि टेबलाशी कुणी नसतंच. किंवा मी जाताच नसतं. मी भित्री नाही, पण ते रिकामं टेबल मला पाहायचं नव्हतं. दारातच उभं राहून मी म्हणाले, "शालू, चल गं. जेवायची वेळ झाली." नेहमी हाक मारते तसं, मोठ्यानं. थोडा वेळ थांबले. काहीच झालं नाही. फक्त तो दिवा जळत राहिला आणि बंद करायला माझा हात उठला नाही. तसाच ठेवून मी खाली उतरले. नियम मोडल्याबद्दल तिनं मला किती बोलून घेतलं असतं, याचा विचार करत एसटी स्टँडपर्यंत चालत गेले आणि तिथं बाकावर बसून तिच्या आठवणीनं फुटाणे खाल्ले.

युक्तिवाद मी केला, पण शब्द तिचे होते. समोरच्या मधाळ वकिलांनी दरसाल मिळणाऱ्या खबरा पुन्हा मोजून दाखवल्या. मी तो जुना निवाडा ठेवला, शेवटच्या पानासकट. साहेबांनी विचारलं, खबर देणाऱ्यांपैकी एकही माणूस, मी रामकिसनला पाहिला, असं शपथेवर सांगायला आला आहे का? दोन्हीकडून कुणीच आलं नव्हतं. निकाल द्वारकाबाईच्या बाजूनं लागला. रामकिसन मेला. फेरफार झाला, सातबाऱ्यावर तिचं नाव चढलं, नामदेवचं गिऱ्हाईक गेलं. कोर्टाच्या पायरीवर मी तिला म्हणाले, शालूची केस होती, तिनंच जिंकली. द्वारकाबाईनं मान हलवली. तिला रडू आलं नाही, आनंदही झालेला दिसला नाही. वाडीत पाणी सोडलं आहे म्हणून लवकर निघते, एवढंच म्हणाली.

मला वाटलं, झालं. फाईल बांधून ठेवली. शालूच्या बाजूची खुर्ची अजून तशीच आहे, नव्या वकिलांना मी तिथं बसू देत नाही, यावरून माझ्यामागे थट्टा चालते हे मला ठाऊक आहे.

पाडवा होऊन गेल्यावर द्वारकाबाई एका दुपारी अचानक आली. पिशवीत मेथीच्या जुड्या आणि सांबार. टेबलावर पिशवी ठेवली आणि शालूच्या खुर्चीत बसली. तिला मी ऊठ म्हणाले नाही. पाणी प्याली, इकडचं तिकडचं बोलली, मुलगी बाळंतपणाला येणार आहे, वांगी यंदा किडली. मग पदराशी चाळा करत म्हणाली की टोळ्या परत आल्या. विठोबा आला, बाकीचे आले. सगळ्यांनी फेरी मारली.

"माह्या दारापाशी कोनी थांबलं नाही, बाई. खाली पाहून निघून गेले. कोर्टानं मेला म्हनलं म्हून काय झालं? यंदा कोनालेच दिसला नाही तो."

तिच्या वाडीसाठी आम्ही दोघींनी वर्षभर खपून जे शाबीत केलं होतं, ते हेच. कोर्टानं माणूस मारला तो कागदावर. वस्तीनं मात्र ते ऐकलं आणि खुशाली थांबवली. सगळ्या दारांशी थांबत थांबत ती माणसं हिच्या दारावरून पुढे गेली असतील आणि ही चहाचं आधण ठेवून उंबऱ्यात उभी असेल... वकील म्हणून मला काय बोलता येतं आणि काय नाही हे मला चांगलं कळतं. तरी मी बोलले.

"मला दिसला ना," मी म्हणाले. "विद्यापीठाच्या ग्रंथालयात. निकालाच्या आधी गेले होते तेव्हा. पुस्तक वाचत बसला होता."

तिनं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. माझं खोटं तिला कळलं असेल, इतक्या वर्षांत तिनं किती ऐकली होती. किंवा ते खोटं नसेल. मी टेबलापर्यंत गेलेच नव्हते, मग तिथं कोण होतं आणि कोण नव्हतं हे मी तरी कशावरून सांगू?

"पाय?" तिनं विचारलं.

"ओढतो अजून. पण बरा आहे."

तिनं डोळ्यांना पदर लावला, काढला, आणि मेथीच्या जुड्या पिशवीतून बाहेर काढून माझ्यासमोर नीट लावून ठेवल्या. मग शालूच्या खुर्चीच्या दांडीवर हात फिरवत, अगदी सहज, वस्तीतल्या दुसऱ्या कुणाची चौकशी करावी तसं विचारलं, "अन् आपल्या वकीलबाई? त्या बी होत्या का तिथं?"

"होत्या," मी म्हणाले. "समोरच बसल्या होत्या त्याच्या."

"बोलल्या का तुमच्याशी?"

"नाही," मी म्हणाले. "तिथं बोलू देत नाहीत."